पोटातला फुगा, बोअरचं केसिंग आणि जांघेतून केलेलं ऑपरेशन

"टाके कुठायत?" काकांच्या मुलाचा पहिला प्रश्न हाच. वडिलांच्या पोटातल्या मोठ्या नसेला फुगा आला होता, त्याचं ऑपरेशन करून त्यांना कॅथलॅबमधून, म्हणजे नसेत नळ्या घालून आतली कामं करायच्या खोलीतून, बाहेर आणलं होतं, ट्रॉली लिफ्टपाशी थांबलेली, याने हळूच चादर वर करून बघितलं तर पोट कोरं करकरीत, नुसत्या दोन्ही जांघांत दोन छोट्या पट्ट्या. चेहऱ्यावर आधी आनंद आणि मग लगेच संशय, की बाबा एवढे पैसे मोजले, तीन तास बाहेर बसलो, आणि केलंत तरी काय. "ऑपरेशन झालं न्हवं?" झालं की, चांगलं झालं. "मग सोडणार कधी?" बहुतेक परवा. "मग संपलं न्हवं आता?"

हे "संपलं" ऐकलं की मला कसंतरीच होतं. मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, 16 वर्षं झाली, लेड ऍप्रन घालून घालून खांदे कामातून गेलेत. ऑपरेशन सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट करतात, मी मशीन, वायरी आणि मापं सांभाळतो, आणि बाहेर आलो की नातेवाईक मलाच धरतात कारण डॉक्टर घाईत असतात. लिफ्ट येईपर्यंत दोन मिनिटात जे सांगतो ते कुणाला कळत नाही, म्हणून यावेळी नीट लिहून काढतोय.

तर आधी नस कुठली ते. हृदयातून जी सगळ्यात जाड रक्तवाहिनी निघते ती एओर्टा, पुस्तकी मराठीत महाधमनी. (तिला नस म्हणणं तसं चूकच, पण ओपीडीत सगळे नसच म्हणतात, मी पण म्हणणार.) ती छातीत वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि मणक्याच्या पुढून सरळ खाली पोटात उतरते, वाटेत आतड्यांना, दोन्ही किडन्यांना फांद्या देते आणि बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, एक डाव्या पायाला, एक उजव्या. पोटातल्या भागात तिची जाडी साधारण 2 सेंमी, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी धरा. ती 3 सेंमीच्या वर गेली की डॉक्टर ऍन्युरिझम म्हणतात. टायरला फुगा येतो ना, बाजूच्या दोऱ्या कमकुवत झाल्या की, अगदी तसंच. आणि हा फुगा बहुतेक वेळा किडनीच्या फांद्यांच्या खाली आणि दोन फाट्यांच्या वर येतो, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच अडतं.

लोक याला ब्लॉकेज समजतात. हे ब्लॉकेज नाही, त्याच्या उलटं आहे. ब्लॉकेजमध्ये नस आतून अरुंद होते, इथे भिंतच झिजून सैल पडते. सगळ्यात मोठं कारण विडी-सिगारेट. मग वय, 65 च्या पुढे. मग पुरुष असणं. मग घरात कुणाला असणं, भावाला किंवा वडिलांना असेल तर धोका वाढतो. ब्लडप्रेशरचाही हात आहे. गंमत म्हणजे डायबेटिस, जो बाकी सगळ्या नसांची वाट लावतो, त्याच्या पेशंटमध्ये हा फुगा उलट कमी दिसतो, आणि असला तरी हळू वाढतो. म्हणून कुणी गोड खायला लागू नका.

आता हा फुगा दुखत नाही, हीच खरी अडचण. आमचे हे काका, वय 71, शिराळ्याकडचे, पन्नास वर्षं विडी, त्यांना कशासाठी आणलं तर रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात म्हणून. प्रोस्टेटची सोनोग्राफी लिहून दिली, सोनोग्राफीवाल्या मॅडमनी प्रोब पोटावरून जरा वर नेला आणि तिथेच थांबल्या. 6.1 सेंमी. असंच सापडतं बहुतेक वेळा, कशासाठी तरी दुसऱ्याच गेलेला माणूस आणि निघतं हे. ब्रिटनमध्ये पुरुषांना 65 व्या वर्षी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यायला सरकारच बोलावतं, पाच-दहा मिनिटांचं काम. आपल्याकडे तसं काही बोलावणं येत नाही, प्रोस्टेटचीच कृपा.

बरं, फुगा दिसला की लगेच ऑपरेशन? नाही. लहान असेल तर नुसती नजर ठेवायची, ठराविक महिन्यांनी सोनोग्राफी. पुरुषात 5.5 सेंमी आणि बाईमध्ये 5 च्या आसपास गेला, किंवा फार भराभर वाढायला लागला, किंवा दुखायला लागला, की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. ही रेघ कुणी हवेत मारलेली नाही. ब्रिटनमध्येच 4 ते 5.5 सेंमीच्या फुग्यांचे दोन गट करून पाहिलं, एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याची नुसती तपासणी करत राहायचं, आणि लगेच ऑपरेशन झालेले लोक काही जास्त जगले नाहीत. म्हणजे लहान फुग्यात ऑपरेशनचाच धोका फुग्याच्या धोक्याला खाऊन टाकतो.

मोठा झाल्यावर मात्र गणित फिरतं. लहानपणी फुगा फुगवताना पहिली फुंकर आठवा, गाल दुखतात, डोळे बाहेर येतात तरी तो हलत नाही, आणि एकदा का लिंबाएवढा झाला की पुढे आपोआप फुगत जातो. नसेचं तेच. आतला दाब तोच राहिला तरी गोल जेवढा मोठा तेवढा भिंतीवरचा ताण जास्त, 2 ची नस 6 ची झाली की ताण तिप्पट, आणि भिंत मात्र ताणून ताणून आणखी पातळ झालेली. मग एक दिवस फाटते. फाटली की पोटात किंवा पाठीत अचानक भयंकर दुखतं, घाम, चक्कर, आणि कधीकधी हे दुखणं इतकं मुतखड्यासारखं असतं की मुतखड्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेली माणसं असतात. साठीच्या पुढचा विडीवाला माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच "मुतखडा" झाला म्हणतोय आणि चक्कर येतीये, तर आधी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवा, एवढं तरी. फाटलेल्यांपैकी बरेच जण दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

आईनस्टाईनचं नाव सगळ्यांना माहिती, पण तो याच दुखण्याने गेला हे फार जणांना माहिती नसतं. 1948 साली रुडॉल्फ निसेन नावाच्या सर्जनने त्याचं पोट उघडलं, फुगा सापडला, पण तेव्हा तो काढून टाकायची सोयच नव्हती, म्हणून त्याने काय केलं, तर फुग्याला बाहेरून सेलोफेनचा कागद गुंडाळला. हो, तोच चुरचुरणारा पारदर्शक कागद. त्याच्यामुळे आजूबाजूचं मांस चिडतं, घट्ट वण तयार होतो आणि तो वणच फुग्याला आवळून धरतो, अशी आयडिया. हसू नका, त्यावर त्याने सहा वर्षांहून जास्त काढली. एप्रिल 1955 मध्ये फुगा फुटला, तोवर खरं ऑपरेशन आलं होतं, डॉक्टर तयार होते, पण त्याने नको म्हणून सांगितलं आणि 76 व्या वर्षी गेला.

ते खरं ऑपरेशन पहिल्यांदा केलं पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्टने, 1951 साली. पोट उघडायचं, फुगलेला भाग कापायचा आणि तिथे दुसरी नळी शिवायची. त्याने मेलेल्या माणसाची नस वापरली होती. मग काही वर्षांनी अमेरिकेत ह्यूस्टनला डीबेकीने डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर कापडाची नळी वापरायला सुरुवात केली आणि पहिल्या नळ्या त्याने बायकोच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवल्या. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आजही जे ग्राफ्ट, म्हणजे नसेच्या जागी बसवायची नळी, पेटीतून निघतं ते हातात घेतलं की कापडच लागतं, बारीक विणीचं, टांके दिसतात.

हे उघडं ऑपरेशन आजही होतं आणि उत्तम होतं, त्याला कमी लेखू नका. पण ते सोसवायला माणूस तगडा लागतो. छातीखालपासून ओटीपोटापर्यंत चीर, आतडी बाजूला सारायची, आणि फुग्याच्या वर एओर्टाला चक्क चिमटा लावून रक्त बंद करायचं, तोवर दोन्ही पायांना रक्त नाही, आणि वर हृदयाला बंद दारावर धडका मारल्यासारखं काम करावं लागतं. चिमटा काढला की उलटं, अचानक प्रेशर खाली. हृदय नाजूक किंवा छाती विडीने पोखरलेली असेल तर हे जड जातं. आणि ज्याला फुगा होतो तो बहुतेक असाच असतो ना, तीच विडी, तेच वय. म्हणजे ज्याला गरज त्यालाच झेपत नाही.

इथून जांघेतल्या ऑपरेशनची गोष्ट सुरू होते. हुआन पारोदी म्हणून अर्जेंटिनाचा सर्जन, 1976 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला शिकत असताना त्याच्या डोक्यात आलं की बाहेरून कापायचं कशाला, आतूनच नवी नळी बसवली तर. तेव्हा नळी आत धरून ठेवायला काही नव्हतं. नंतर हुलिओ पाल्माझ, तोही मूळचा अर्जेंटिनाचाच, याचा स्टेंट आला, धातूची जाळी, आत बलून फुगवला की उघडते आणि भिंतीला चिकटते. पारोदीने डेक्रॉनची नळी त्या स्टेंटला शिवली आणि 7 सप्टेंबर 1990 ला ब्युनॉस आयर्समध्ये जांघेतून वर चढवून पोटातल्या फुग्यात बसवली. त्याच्या आधी, 1987 मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये खार्किवला निकोलाय व्होलोदोसने असंच स्टेंटला शिवलेलं ग्राफ्ट छातीतल्या एओर्टात बसवलं होतं, पण ते छापलं गेलं रशियनमध्ये, पश्चिमेकडे कुणी वाचलंच नाही. आता त्याचंही नाव घेतात, उशिरा का होईना.

या ऑपरेशनला आमच्याकडे ईव्हार म्हणतात. काका शेतकरी, त्यांना मी बोअरवरून सांगितलं आणि ते मुलाच्या आधी समजले. बोअर मारताना वरची माती मऊ असते, ढासळते, म्हणून आत केसिंग पाईप उतरवतात. माती काढत नाही आपण, ती तिथेच राहते, नुसतं तिच्याशी पाण्याचा संबंध तोडतो. ईव्हार म्हणजे तेच. फुगा काढत नाहीत. तो पोटात तसाच राहतो. त्याच्या आतून नवी नळी टाकतात, रक्त त्या नळीतून खाली जातं, फुग्याच्या भिंतीवर दाब येत नाही, आणि फुग्यात उरलेलं रक्त गोठून बसतं, पुढे हळूहळू आकसतं. "आणि केसिंग टिकतं कशावर?" मी विचारलं. काका म्हणाले, "खडकावर. खडक लागला न्हाई तर समदं खाली जातंय."

बस, हाच सगळा खेळ. फुग्याच्या वर आणि किडनीच्या फांद्यांच्या खाली जी थोडी चांगली, सरळ, न फुगलेली नस उरते तो आपला खडक. डॉक्टर त्याला नेक म्हणतात. हा तुकडा साधारण दीड सेंमी असावा, काही ग्राफ्टना 1 सेंमीही चालतो, फार वाकडा नसावा, फार रुंद नसावा, आत चुना आणि गाठी चिकटलेल्या नसाव्यात. खाली दोन्ही फाट्यांमध्येही असाच चांगला तुकडा लागतो. आणि जांघेपासून वरपर्यंतचा रस्ता एवढा रुंद असावा की सामान जाईल. म्हणून ऑपरेशनच्या आधी सीटी अँजिओ, म्हणजे नसांचा सीटी स्कॅन, होतो आणि कॉम्प्युटरवर मिलिमीटरमध्ये मापं घेतली जातात, इतकं की शिंप्यानेही लाजावं. ग्राफ्ट नेकपेक्षा मुद्दाम 10 ते 20 टक्के मोठं घेतात, म्हणजे ते सतत बाहेर दाबून बसेल. लहान घेतलं तर बाजूने रक्त जाणार, फार मोठं घेतलं तर कापडाला चुण्या पडणार आणि चुण्यांमधून जाणार. नेक पुरेशी नसेल तर किडनीच्या फांद्यांसाठी कापडाला भोकं ठेवलेली ग्राफ्ट मिळतात, पण ती त्या एका माणसाच्या मापाने बनवून घ्यायला आठवडेच्या आठवडे जातात आणि खर्च तर विचारूच नका. साधं ग्राफ्टसुद्धा लाखांत जातं, त्यामुळे मुलाच्या त्या संशयी चेहऱ्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

ग्राफ्टचा आकार पायजम्यासारखा असतो. वर कंबर, खाली दोन पाय, पण एक पाय लांब आणि दुसरा तोकडा, मांडीतच कापलेला. का, तर अख्खा पायजमा एका जांघेतून वर नेल्यावर दुसरा पाय दुसऱ्या बाजूला कसा वळवणार? म्हणून तो वेगळा आणतात आणि आत जोडतात. कमरेला नाडीच्या जागी नायटिनॉलची जाळी, काहींना बारीक हूकही असतात. नायटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, याची खासियत अशी की दाबून काडीएवढा करा, सोडला की आपला मूळ आकार आठवून उघडतो, बटणाच्या छत्रीसारखा. अख्खा पायजमा दाबून एका लांब नळीत भरलेला असतो. नळ्यांचं माप फ्रेंचमध्ये मोजतात, 3 ने भागलं की मिलिमीटर, म्हणजे 18 फ्रेंचची नळी 6 मिलिमीटर. शिसपेन्सिलीपेक्षा काही कमी.

आता आत काय होतं ते. पेशंटला कधी पूर्ण भूल, कधी कमरेतून, काहींना तर नुसती जागेवर सुन्न करून. सोनोग्राफीवर बघत दोन्ही जांघांतल्या नसेत सुई जाते, सुईतून मऊ वायर. पूर्वी जांघेत दोन छोट्या चिरा द्यायचे, आता बऱ्याचदा नुसतं भोक, आणि भोक मोठं करायच्या आधीच ते शेवटी बंद करायचे दोरे आत घालून ठेवतात, म्हणजे पाहुणे यायच्या आधीच त्यांच्या जायची सोय. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. मऊ वायरीच्या जागी कडक वायर, कारण वाकड्या नसेतून जाड नळी मऊ वायरीवरून सरकत नाही, रूळ भक्कम लागतो. दुसऱ्या बाजूने पिगटेल कॅथेटर, म्हणजे एक बारीक नळी, वर, शेपटासारखं वळलेलं टोक असतं त्याचं. मग लाईट मंद, सगळे गप्प, भूलवाल्या मॅडम श्वास थांबवतात, डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सुटतो आणि पडद्यावर अख्खी एओर्टा काळी उमटते. त्या क्षणी सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर, खालची किडनीची फांदी नेमकी कुठे निघते. तिच्या खाली 2-3 मिलिमीटरवर कापडाची कड यायला हवी. वर गेली तर किडनीचं रक्त बंद, फार खाली आली तर मुळात कमी असलेला खडक आणखी वाया. टेबल हलवायचं नाही, सी-आर्म, म्हणजे एक्स-रेचं मशीन, हलवायचा नाही, माझा हात ब्रेकवर. प्रेशर जरा खाली आणतात म्हणजे रक्ताच्या धारेने ग्राफ्ट ढकललं जाऊ नये. मग सर्जन बोटभर बोटभर आवरण मागे ओढतात आणि कंबर उघडते.

लोकांना वाटतं इथे सगळा थरार. माझ्या मते खरा घाम पुढे निघतो. तो तोकडा पाय आठवतोय? त्याचं तोंड फुग्याच्या पोकळीत लोंबकळत असतं, आणि दुसऱ्या जांघेतून वायर नेऊन त्या तोंडात घालायची असते. सुईत दोरा ओवण्यासारखं, फक्त सुई हलतीये, दोरा दोन फूट लांबून धरलाय आणि बघायचं सपाट पडद्यावर. कधी दोन मिनिटात जाते, कधी चाळीस मिनिटं कुणी बोलत नाही. काकांच्या वेळी अर्धा तास गेला. आणि गेली असं वाटलं तरी विश्वास ठेवायचा नाही, कारण पडद्यावर आत दिसणारी वायर प्रत्यक्षात ग्राफ्टच्या मागून गेलेली असू शकते. म्हणून वायरीवरून पिगटेल नेऊन, वायर जरा मागे घेऊन, ते जागेवर गोल फिरवून बघतात. ग्राफ्टच्या आत असेल तर शेपूट भिंगरीसारखं मोकळं फिरतं, बाहेर फुग्यात असेल तर अडतं, पसरतं. ती भिंगरी फिरली ना, की खोलीत पहिल्यांदा कुणीतरी खोकतं.

मग दुसरा पाय जोडायचा, सांध्यांवर आतून बलून फुगवून कापड नीट बसवायचं, आणि शेवटचा डाय. तेव्हा घाईने पडदा बंद करत नाहीत, शेवटच्या फ्रेमपर्यंत थांबतात, फुग्यात कुठे काळं झिरपतंय का बघायला.

झिरपलं तर त्याला एंडोलीक म्हणतात. पुन्हा बोअरवर या. केसिंग खडकावर नीट बसलं नाही आणि कडेने पाणी आत येतंय, ही पहिली जात, वाईट, तशी सोडत नाहीत, टेबलवरच काहीतरी करतात. केसिंगचा जॉइंट सुटला किंवा पाईपच फाटला, ही तिसरी, तीही वाईट. दुसरी जात मात्र वेगळी आणि सगळ्यात जास्त दिसणारी. फुग्याच्या भिंतीतून कमरेच्या मणक्यांकडे जाणाऱ्या बारीक नसा असतात, आतड्याची एक असते, त्या आधी फुग्यातून रक्त न्यायच्या, आता उलट्या वाहून फुग्यात रक्त आणतात. विहिरीच्या कडेचा झरा म्हणा. पुष्कळ झरे आपोआप आटतात. नाही आटला तरी फुगा वाढत नसेल तर बहुतेक वेळा बघत राहतात. फुगा वाढायला लागला तर मग तो झरा बुजवायची खटपट. आणखीही दोन जाती आहेत, त्या सोडून द्या.

आणि इथेच ते "संपलं" चुकीचं आहे. ब्रिटनमध्ये 1999 ते 2004 या काळात 60 च्या पुढचे, 5.5 सेंमीच्या वरचे फुगे असलेले आणि दोन्ही ऑपरेशनं झेपतील असे 1252 पेशंट घेऊन उघडं ऑपरेशन विरुद्ध ईव्हार अशी तुलना केली. पहिल्या 30 दिवसांत उघड्या ऑपरेशनवाल्यांमध्ये 4.3 टक्के दगावले, ईव्हारवाल्यांमध्ये 1.8. सगळ्यांना वाटलं झालं, जिंकलो. पण त्यांनी त्या लोकांचा पिच्छा सोडला नाही, पंधरा वर्षांपर्यंत हिशेब ठेवला, तर सुरुवातीचा फायदा काही वर्षांत पुसला गेला आणि आठ वर्षांच्या पुढे चित्र उलटलं, ईव्हार झालेल्यांमध्ये फुग्यामुळे होणारे मृत्यू जास्त, मुख्यतः ग्राफ्टच्या बाहेर राहिलेला तोच जुना फुगा पुढे फुटल्यामुळे. ती ग्राफ्ट जुन्या पिढीची होती, आताची सुधारलीत, हे खरं. पण कारण तेच राहतं, की उघड्या ऑपरेशनमध्ये नळी शिवलेली असते, इथे ती दाबून बसलेली असते, आणि नस म्हातारी होत जाते, नेक रुंदावते, ग्राफ्ट सरकू शकतं. यावरून ब्रिटनच्या नियम लिहिणाऱ्या मंडळींनी 2018 च्या मसुद्यात ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये ईव्हार जवळजवळ बंदच करायची भाषा केली होती, सर्जन लोकांनी आरडाओरडा केला, आणि 2020 च्या शेवटच्या कागदात ते सौम्य झालं, पण ज्याला उघडं झेपतंय त्याला आधी उघडं सांगा हा कल राहिलाच.

माझं मत विचाराल तर, साठीचा ठणठणीत माणूस, अजून वीस-पंचवीस वर्षं काढणारा, आणि "मला चीर नको" एवढ्याच कारणावर ईव्हार मागतोय, तर त्याने सर्जनशी दोनदा बोलावं. 78 चा, धाप लागणारा, हृदयाचं पंपिंग कमी असलेला, नेक चांगली, त्याला ईव्हार म्हणजे वरदान. आणि फुटलेल्या फुग्यातसुद्धा, नस मापात असेल आणि टीम तयार असेल तर आता आतूनच करतात. पण एक प्रश्न कुणी विचारतच नाही, की हा माणूस तपासणीला येणार का. दर वर्षी, कायम. एक महिन्याने सीटी, मग वर्षाने, मग सगळं ठीक असेल तर सोनोग्राफीवरही भागतं, पण यायचं. चीर नसते म्हणून लोक विसरतात. पोटावर फूटभर वण असता तर रोज अंघोळीला आठवलं असतं.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस थोडा ताप येऊ शकतो, कापड हे शरीराला परकं असतं म्हणून, घाबरायचं नाही पण कळवायचं मात्र नक्की. चालताना कुल्ल्यात दुखलं तर तेही सांगायचं, कधीकधी कमरेची एक फांदी मुद्दाम बंद करावी लागते. डायमुळे किडनीवर लक्ष ठेवतात. पाय अचानक गार पडला, बधिर झाला, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, पायजम्याच्या एका पायात गाठ झालेली असू शकते. विडी बंद, हे सांगायला नको खरं तर, पण सांगतो. आणि घरातल्या साठीच्या आसपासच्या भावांची एकदा सोनोग्राफी. काकांच्या धाकट्या भावाची केली, 3.4 निघाला. तो आता नजरेखाली आहे.

काका एक महिन्याने आले तेव्हा सीटीत दुसऱ्या जातीचा एंडोलीक निघाला आणि मुलगा पांढराफटक पडला, म्हणजे पैसेही गेले आणि गळतंयच. त्याला काकांनीच समजावलं, "आरं झरा हाय तो, आटंल." वर्षाने परत आले, एसटीने, फिल्मची पिशवी काखेत, विडी सुटली म्हणाले पण खिशातून तंबाखूची डबी डोकावत होती, मी बघितलं आणि त्यांनी मी बघितलेलं बघितलं. फुगा 6.1 चा 5.8 झालेला. झरा अजून होता, बारीक.

"आटला न्हाई व्हय अजून?"

नाही म्हटलं, पण विहीर वाढत नाहीये.

"मग परत कवा यायचं?"

मी पाकिटावर पुढच्या वर्षीची तारीख लिहून दिली. त्यांनी ती वाचली, म्हणाले तवा सुगी असती, आठ दिस पुढं घ्या. घेतली.